खुंटीवरचं अभय

बार्शीच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीत भानुदास बिडवेचं सलून आहे. आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीत सागवानी खुंट्यांची फळी ठोकलेली दिसते. ती त्याच्या बापाच्या वेळची. खुर्चीत बसायच्या आधी गिऱ्हाइकानं अंगावरचं असेल नसेल ते तिथं अडकवायचं. टोपी, पटका, पिशवी, पट्टा. बापाच्या काळी फौजदारसुद्धा पिस्तुलाच्या म्यानासकट पट्टा तिथं टांगायचा आणि मगच मान मागं टाकायचा. बाप म्हणायचा, खुर्चीत एक आणि खुर्चीमागं एक अशी दोन माणसं असली की धार एकाच्याच हातात पाहिजे, दोघांच्या हातात आली की त्याला दाढी म्हणत नाहीत. आणि गिऱ्हाईक उठून निघालं की न चुकता हाक द्यायचा, "खुंटी बघा." तरी माणसं टोप्या विसरायची, छत्र्या विसरायची. मग भानुदास ती वस्तू घेऊन रस्त्यापर्यंत पळायचा. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. साठी उलटल्यावरही तो पळायचा.

मग 'अभय' आलं.

अभय म्हणजे कपड्याखाली दिसणार नाही एवढंसं पिस्तूल. पिस्तुलात नवीन काही नव्हतं, नवीन होतं ते त्याचं कुलूप. माणूस घाबरला की मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, तो सगळ्या अंगाला हाळी देतो. छाती धडधडते, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात आणि घाम सुटतो. हा घाम उन्हातल्या घामासारखा नसतो. त्यात वेगळी रसायनं उतरतात. आपल्याला त्यांचा वास येत नाही, कुत्र्याला येतो. एका कंपनीनं कुत्र्याचं ते नाक नाण्याएवढ्या चकतीत आणून बसवलं. चकती काखेत चिकटवायची. घामाचा प्रकार, नाडीची गती आणि कातडीचा गारठा हे सगळं एकदम जुळलं तरच ती पिस्तुलाला इशारा देते आणि कुलूप टक् करून उघडतं. नुसत्या रागानं उघडत नाही. दारूनं उघडत नाही. सोंग करून तर मुळीच नाही.

एवढं ऐकून दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळे खूश झाले. आता रागाच्या भरात कुणी कुणाचा मुडदा पाडणार नाही. मरेल तो दुसऱ्याला भीती घालणारा, आणि तो मेलेलाच बरा. परवाने रेशनच्या साखरेसारखे वाटले गेले. कोर्टानंही मान डोलावली. कुलूप उघडलं म्हणजे भीती खरी, भीती खरी म्हणजे गोळी आत्मरक्षणाची. इतकी शिकलेली माणसं एका जागी बसली होती, पण एकाच्याही टाळक्यात आलं नाही की रागावलेला माणूस निदान समोर कोण आहे ते ओळखून असतो. घाबरलेला कुणालाच ओळखत नाही.

दुकानदारांसाठी वेगळे नियम निघाले. हत्यारासकट गिऱ्हाईक चालत असेल तर दारावर हिरवी पाटी, चालत नसेल तर लाल. लाल पाटीच्या दुकानात हत्यार उतरवून ठेवलेल्या माणसाला काही इजा झाली तर दुकानदार जबाबदार. हिरव्या पाटीच्या दुकानात साक्षदिवा बसवायचा. आत कुणाच्याही अंगावरचं कुलूप उघडलं की तो दिवा पिवळा पेटतो, भोंगा वाजतो. मग सगळ्यांनी हात वर करायचे, आणि त्या माणसाजवळ जो असेल त्यानं हात वर ठेवूनच दोन हात मागं सरायचं.

भानुदासनं लाल पाटी लावली. खुंट्या होत्याच. पण गिऱ्हाईक दाराशी यायचं, पाटी वाचायचं आणि कोपऱ्यावरच्या नव्या पार्लरची वाट धरायचं. यार्डातल्या मालाला गाड्या ठरवून देणाऱ्या एका हुंडेकऱ्यानं तर तोंडावरच विचारलं, मान तुझ्या हातात द्यायची आणि हत्यार तुझ्याच भिंतीला टांगायचं, मी काय येडा हाय का? भानुदासला वाईट वाटलं नाही, नवल वाटलं. न्हाव्याच्या हातात गावाची मान पिढ्यान्‌पिढ्या होती. पाटलाची, सावकाराची, ज्यांनी न्हाव्याला ओट्याच्या वर चढू दिलं नाही त्यांचीसुद्धा. वस्तऱ्याला कधी कुणी परवाना विचारला नव्हता. आजच कसा आठवला?

पुण्याला असलेला त्याचा मुलगा सुहास फोनवर सांगून सांगून थकला. हिरवी लावा, नाहीतर दुकान विका आणि इकडं या. भानुदास दोन्हीला हूं म्हणायचा. बायको जाऊन बराच काळ झाला होता. घरी गेलं की भिंती. दिवसभरात त्याच्याशी मनापासून बोलणारा माणूस म्हणजे मुरलीधर काशीद, यार्डातला आडत्या. दोघं एका शाळेत, एका तालमीत. सगळं यार्ड त्याला शेठ म्हणायचं, भानुदास एकटा मुरल्या म्हणायचा. भानुदासचा बाप मुरलीच्या बापाला वाकून शेठ म्हणत आला होता. ते ऐकत मोठा झाल्यामुळेच की काय, तो शब्द कधी भानुदासच्या तोंडातून बाहेर पडला नव्हता. मुरलीनंही कधी मागितला नाही. एक दिवसाआड सकाळी तो दाढीला यायचा आणि अर्धा तास बडबड करून जायचा. भानुदासचं जगणं त्या अर्ध्या तासाभोवती बांधलेलं होतं, हे मुरलीला ठाऊक नव्हतं आणि भानुदासनं सांगितलं नव्हतं.

यार्डाजवळ एका आडत्याला भरदिवसा लुटलं, तेव्हा मुरलीनं अभय घेतलं. लाल पाटी बघून तो परत फिरला नाही. पायरीवर उभा राहून म्हणाला, "भान्या, लेका तत्त्वं सांभाळत बसायलास, अन् तुझ्या खुर्चीत मांजर झोपायलंय. हिरवी लाव. पहिला मी बसतो."

भानुदासनं हिरवी लावली. आरशाच्या वर साक्षदिवा बसवला. त्या दिवशी मुरली पांढऱ्या कापडाखाली हत्यारासकट बसला, त्याचा खालून फुगवटा दिसत होता. भानुदासनं फेस लावला, कपाळ मागं दाबलं आणि वस्तरा गळ्यावरून फिरवला. बाकड्यावरचे दोघं-तिघं दिव्याकडं टक लावून होते. दिवा काही पेटला नाही. मुरली डोळे मिटून म्हणाला, ह्याला काय भ्यायचं, हा तालमीत माझ्याखाली चितपट असायचा. भानुदास म्हणाला, बोलू नकोस, जीभ कापीन. सगळे हसले. गिऱ्हाईक परत आलं. भानुदासला तर तो न पेटलेला दिवा बघूनच बरं वाटायचं. बाकीच्यांची मैत्री तोंडानं सांगायची असते, याची भिंतीवर टांगलेली होती.

असे काही महिने गेले. नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, कारण काही घडलंच नव्हतं. मुरली थोडा गप्प झाला. हत्यार अंगावर असलं की माणूस आपल्याला कोण मारील याचा विचार करायला लागतो, आणि एकदा विचार सुरू झाला की तो अनोळखी माणसांवर थांबत नाही. ओळखीच्यांतही शिरतो.

एका मंगळवारी सकाळी दुकान भरलेलं होतं. भानुदासनं मुरलीचं कपाळ मागं दाबलं, हनुवटीखालून वस्तरा टेकवला आणि वर ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात कापडाखाली टक् झालं. आरशावरचा दिवा पिवळा पेटला. भोंगा बोंबलायला लागला.

बाकड्यावरच्यांनी हात वर केले, दाराशी होते ते पळाले. नियम असा की भानुदासनं तत्क्षणी मागं सरायचं. पण गळ्यावर निम्म्यात उचललेला वस्तरा कापतो, हे न्हाव्याच्या पोराला अ-आ-ईच्या आधी शिकवतात. डोक्यानं काही ठरवायच्या आतच भानुदासच्या हातानं तो फटकारा शेवटपर्यंत नेला. हळू, सरळ, जबड्याच्या हाडापर्यंत. तेवढ्या वेळात त्याला आरशात दिसलं, कापडाखाली मुरलीचा हात कमरेकडं सरकतोय. मुरलीचे डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत भानुदास नव्हता, नुसता कुणीतरी वस्तरेवाला होता.

मग वस्तरा सुटला. भानुदास मागं सरला आणि त्यानं हात वर केले. एका हातात वस्तरा तसाच, त्यावरून फेस मनगटावर ओघळत होता. मुरली अर्ध्या दाढीनं उठला, कापड ओढून टाकलं आणि तसाच निघून गेला. भानुदासला खुंटी बघा म्हणायचंही सुचलं नाही. दिवा बराच वेळ पेटलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान-नियमांच्या कचेरीतून समज आली, की दिवा लागूनही दुकानदार मागे हटला नाही. त्या समजेचं भानुदासला काही वाटलं नाही. पण बातमी यार्डभर झाली. मुरलीशेठसारखा लंगोटीयार ज्याच्या हाताखाली भितो, त्या माणसात काहीतरी असणारच, असं लोक म्हणायला लागले. आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर आधी दिव्याकडं बघायचं. दिवा पेटेल का या धास्तीनंच नाडी वाढायची, तळवे गार पडायचे, आणि दिवा पेटायचा. पेटला की पुढच्याची खात्री व्हायची. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्या माणसांची भीती खरीच होती. ती आली कुठून हे यंत्र विचारत नव्हतं, कोर्ट विचारत नव्हतं, कचेरी तर नाहीच नाही.

खुर्ची रिकामी झाली. भानुदास सकाळी येऊन झाडायचा, आरसा पुसायचा, वस्तऱ्याला धार लावायचा आणि स्वतःच खुर्चीत बसून राहायचा. समोरच्या रस्त्यानं बिनचालकाचे ट्रक तूर घेऊन आपले आपण यार्डात वळायचे. मुरलीची यायची सकाळ आली की तो फेसाचं पाणी गरम करून ठेवायचा. ते निवायचं. चार-सहा सकाळी असं पाणी ओतून दिल्यावर तो उठला आणि काशीदांच्या घरी गेला.

ओट्यावर मुरली बसला होता. दाढीची खुंटं वाढलेली. भानुदास सवयीनं ओट्याच्या खालीच थांबला. मुरलीची बायको शकुंतला दारात आली. तिनं बसा भाऊजी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेली ती परत बाहेर आली नाही.

"मुरल्या," भानुदास म्हणाला, "माझं काय चुकलं तेवढं सांग. मी निघालोच."

मुरलीनं हनुवटीवरची खुंटं खाजवली. मग म्हणाला, "तुझं नाही रं. हे अभय घेतल्यापास्नं रात्री डोळा लागत नाही. कोण कोण मला मारील ते मोजत पडतो. मोजता मोजता हा ओटा आठवला. ती दिवाळीची सकाळ."

भानुदासला पुढचं सांगायची गरज नव्हती. याच ओट्यावर त्याचा बाप मुरलीच्या बापाची दाढी करत होता. वस्तऱ्यांची धोकटी उघडी होती, शाळकरी भानुदास आरसा धरून उभा होता. हनुवटीला टिचभर कापलं. मुरलीच्या बापानं भानुदासच्या बापाच्या थोबाडीत मारली, ओल्या, फेसाच्या हातानं. बाप वाकला, फेसाची वाटी उचलली, माफी करा शेठ म्हणाला आणि उरलेली दाढी पुरी केली. गालावर फेस तसाच ठेवून. मुरली उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तेवढ्या वयात दोघांनाही काय कळणार होतं, असं मोठी माणसं म्हणतात. मोठ्या माणसांना सगळं सोयीचंच आठवतं.

"तू आरसा धरला होतास," मुरली म्हणाला. "तुझ्या बापाला मारलं तरी तुझा आरसा हलला नाही, भान्या. एवढासुद्धा नाही. त्या मंगळवारी तू माझं डोकं मागं दाबलंस तेव्हा मला तो आरसा दिसला. म्हटलं, ज्याचा हात त्या दिवशी हलला नाही, तो एवढी वर्षं माझ्या गळ्यावर वस्तरा फिरवताना काय विचार करत असंल?"

"काही नाही. वस्तरा हातात असताना ती सकाळ मला कधी आठवली नाही."

"शपथ?"

"शपथ. मंगळवारापर्यंत."

मुरलीनं वर बघितलं. भानुदासनं नजर काढून घेतली नाही. खोटं बोलला असता तर दोस्ती कदाचित वाचली असती. पण मुरलीशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. दिवा पेटल्यापासून तो रोज त्या रिकाम्या खुर्चीत बसत होता आणि बसल्या बसल्या त्याला बापाचा गाल दिसत होता. मुरलीची भीती मुरलीच्या काखेतून निघून भानुदासच्या डोक्यात येऊन बसली होती. आत न बोलावता घुसलेल्या पाहुण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुरली सलूनमध्ये आला. तोंड ओढलेलं, पण ठरवून आलेलं. दुकानात कुणीच नव्हतं. त्यानं कमरेचं अभय सोडलं आणि खुंटीला टांगलं. मग सदऱ्यात हात घालून काखेतली चकती ओढली. केसांसकट निघाली तसा शिवी हासडली आणि तीही खुंटीला चिकटवली. भानुदासला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

"कर," मुरली खुर्चीत बसत म्हणाला. "अगदी माझ्या बापाची करत असल्यासारखी कर."

भानुदासनं कापड बांधलं, फेस केला, लावला. जुन्या कामाची जुनी लय हाताला सापडत होती. वस्तरा उघडला, कपाळ मागं दाबलं. मुरलीनं डोळे मिटले. आरशावरचा दिवा अंधारा होता, पण आता त्या अंधारातून काही कळत नव्हतं. चकती भिंतीवर होती.

भानुदासनं गळ्याकडं बघितलं. हनुवटीच्या खाली, कानाच्या अलीकडं, एक शीर असते. न्हावी ती न बघताच ओळखतो. ती शीर सुतारपक्ष्यासारखी ठोके देत होती. मुरलीचे मिटलेले डोळे घट्ट आवळलेले होते, खुर्चीच्या हातांवर त्याची बोटं पांढरी पडली होती. तो दोस्तीसाठी आला होता आणि मरायच्या तयारीनं बसला होता. आणि भानुदासच्या लक्षात आलं की आपलाही हात हलतोय. बापाच्या थोबाडीत बसली तेव्हा न हललेला हात.

त्यानं वस्तरा मिटला.

"दाढी वाढव, मुरल्या," तो म्हणाला.

मुरलीनं डोळे उघडले. कापडाच्या टोकानं तोंड पुसलं, कानापाशी थोडा फेस राहिला तो राहिला. उठला, भानुदासच्या खांद्यावर हात ठेवावा अशा बेतानं उचलला आणि मध्येच स्वतःच्याच खिशात घातला. पायरी उतरून गेला.

भानुदास दाराकडं पाठ करून आरशासमोर उभा राहिला. वळला तेव्हा खुंटीवर अभय लटकत होतं.

विचार करून कुणी असं केलं नसतं. पण टोप्या आणि छत्र्या घेऊन पळणारे पाय विचार करत नाहीत. त्यानं ते खुंटीवरून काढलं आणि दारातून रस्त्यावर धावत आला.

"मुरल्या!"

गल्लीनं काय पाहिलं? तोंडाला फेस लागलेला मुरलीशेठ घाईनं चाललाय आणि मागं तो न्हावी, ज्याच्या हाताखाली दिवे पेटतात, हातात पिस्तूल घेऊन पळतोय. पानवाल्याच्या कमरेला टक् झालं. हुंडेकऱ्याच्या कमरेला झालं. भुसार दुकानाचा दिवा पेटला, मग भांड्यांच्या दुकानाचा, मग औषधांच्या. पिवळे दिवे यार्डाच्या तोंडापर्यंत एकामागून एक पेटत गेले आणि भोंगे एकमेकांत मिसळले. त्या सगळ्यांची भीती खरी होती. त्यातल्या कुणीही गोळी घातली असती तर कोर्टानं त्याला घरी सोडलं असतं.

भानुदास थांबला. चपला काढून ठेवाव्यात तसं त्यानं ते हत्यार खाली वाकून समोर रस्त्यावर ठेवलं. दोन हात मागं सरला. आणि हात वर केले.

आता मुरलीनं फक्त एक वाक्य बोलायचं होतं. अरे ते माझंय, विसरलो होतो. भानुदास त्या वाक्याची वाट बघत होता, गल्ली बघत होती. मुरली वळलेला होता. त्याचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा झाला होता, आणि त्याचेही दोन्ही हात हळूहळू वर गेले.

त्याच्या काखेत चकती नव्हती. त्याच्या भीतीची नोंद कुठंच होणार नव्हती. ती एकट्या भानुदासला दिसली.

दोघं म्हातारे भर उन्हात एकमेकांसमोर हात वर करून उभे होते. मध्ये रस्त्यावर ते हत्यार. उचलायला कुणीच पुढं येईना. भोंगे एकेक करत गप्प झाले, तेव्हा भानुदास बोलला. आवाज अगदी बापासारखा निघाला.

"खुंटीवरचं विसरलात, शेठ."